शंका एकट्या अर्जुनाची नव्हती

गेल्या अंकातील महाभारतावरील लेखात, अर्जुनाची शंका गीतेने फेडली आणि प्रश्न तिथेच मिटला, असे म्हटले आहे. हे मुळीच पटले नाही.

वनपर्वात द्रौपदी थेट विधात्यालाच जाब विचारते: माणसे त्याच्या हातची कळसूत्री बाहुल्या असतील, तर पाप कोणाच्या माथी? युधिष्ठिर तिचे बोलणे नास्तिकाचे ठरवतो. पण युद्ध जिंकल्यावर शांतिपर्वात तोच राज्य नको, वनात जातो म्हणतो. हस्तिनापुरात स्वागताचा जयघोष चालू असताना चार्वाक पुढे होऊन जमलेल्या ब्राह्मणांच्या वतीने त्याला ज्ञातिघातकी म्हणून धिक्कारतो. युधिष्ठिर खजील होतो, प्रसन्न व्हा म्हणून ब्राह्मणांना विनवतो. ते चार्वाकाला हुंकाराने भस्म करतात. तो राक्षस, दुर्योधनाचा मित्र, असे ग्रंथ सांगतो हे खरे. तरीही त्याचा आरोप ग्रंथाने गाळलेला नाही, आणि मला तेच मोलाचे वाटते. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतही हा प्रसंग आहे.

लेखकांनी गीतेवर न थांबता शांतिपर्वाचे सुरुवातीचे अध्याय वाचावेत आणि त्यावर पुन्हा लिहावे, ही विनंती.

– एक वाचक