पितळेची चीर

खंडेनवमी जवळ आली की आमच्या भागात घरोघरी माळ्यावरची पितळ खाली उतरते. घंगाळ, समई, तपेली, तांब्या. मराठी घरात चिंच आणि मीठ, कन्नड घरात हुणसेहण्णु आणि उप्पु. शब्द बदलला तरी बोटे तेवढीच आंबट होतात. परवा अशाच एका घरी गेले होते. यजमान तोफखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे हातभर उंचीची तोफेच्या गोळ्याची रिकामी पितळी पुंगळी आहे, साथीदारांनी निवृत्तीच्या वेळी भेट दिलेली. एरवी तिच्यात मोरपिसे असतात. आयुधपूजेला मात्र ती विळा-कोयत्यांच्या शेजारी हळदकुंकू लावून बसते.

यंदा त्या पुंगळीच्या तोंडाशी बोटभर लांब चीर दिसली. घासायला घेतली होती धाकट्या सुनेने, ती धारवाडकडची. सासूबाईंचा एकच धोशा, "आपटली असशील, कबूल कर." सासरे काही बोलत नव्हते, आणि तेच सुनेला जास्त लागत होते.

मी चीर पाहिली. कुठे पोचा नाही, कड वाकलेली नाही. आपटलेले पितळ आधी चेपते, एवढे आपल्याला भांड्यांवरून माहीत आहे. ही केसासारखी बारीक, उभी चीर होती. मी विचारले, "मधे ही कुठे ठेवली होती?" उत्तर आले, घर बांधायला काढले तेव्हा तीन पावसाळे गोठ्याच्या माळ्यावर!

वाचकहो, या दुखण्याची गोष्ट आपल्याच देशातली आहे. इंग्रजांच्या अमदानीत लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात साठवत. पावसाळा सरला की कित्येक पुंगळ्यांना न वापरताच चिरा गेलेल्या असत. ऋतूबरोबर येणारे म्हणून या रोगाला इंग्रजीत 'सीझन क्रॅकिंग' हेच नाव पडले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी 1921 साली त्याचा उलगडा केला. जनावरांच्या मुतातून अमोनिया सुटतो, तो दमट हवेतून पितळेवर बसतो. पुंगळी ही पत्र्याची चकती दाबून, ताणून घडवलेली, त्यामुळे तिच्या अंगात ताण राहिलेला असतो. ताण, ओल आणि अमोनिया ही तीन माणसे एका घरात आली की पितळ आतून फाटू लागते. पुढे असा माल मंद आचेवर तापवून त्यातला ताण काढू लागले, तेव्हा हे दुखणे आटोक्यात आले.

काडतुसाचे पितळ म्हणजे साधारण 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त. अमेरिकेत नेमबाजीच्या हौशी लोकांना उडवलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून वापरण्याची मुभा आहे, आणि ते घरीच त्या स्वच्छ करतात. ऐकून हसू येईल, पण त्यांचा मसाला आपल्या ओळखीचा आहे. लिंबातले आम्ल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, कोमट पाण्यात चिमूटभर टाकून थोडा वेळ भिजवायचे, मग भरपूर पाण्याने धुऊन खडखडीत वाळवायचे. नाहीतर फिरत्या डब्यात अक्रोडाच्या कवचांचा नाहीतर मक्याच्या कणसांचा भरडा घालून तासन्‌तास घोळवायचे. अमोनिया असलेले पॉलिश मात्र जाणकार दूर ठेवतात, कारण वर सांगितलेलेच. दुसरी काळजी शिशाची. काडतुसाच्या टोपीतल्या मसाल्यात शिसे असते, ते काजळीत आणि भरड्याच्या धुळीत उतरते. म्हणून स्वयंपाकघर, जेवणाची भांडी आणि लहान मुले यांना त्या कामापासून लांब ठेवतात.

आपल्याकडे हा उद्योग नाही आणि नकोच. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस तयार करणे गुन्हा आहे. शेतात, माळावर जुने काडतूस सापडले तर पोरांना घासायला देऊ नका. टोपीवर ठोशाची खूण नसेल तर ते जिवंत असू शकते. ठोकू नका, तापवू नका, उचलूही नका, पोलिसांना कळवा.

घरच्या भांड्यांचे म्हणाल तर चिंच उत्तम. तिच्यातले आम्ल काळा थर विरघळवते. पण रात्रभर चिंचेत बुडवून ठेवण्याची काहींची सवय वाईट. आम्ल जस्त आधी ओढून घेते आणि मागे तांबूस डाग उरतात, ते मग घासून जात नाहीत. पाच-दहा मिनिटे पुरेत. नंतर साबणाने आम्ल पूर्ण काढा आणि कोरड्या फडक्याने पुसा. बाटलीतल्या पॉलिशला झणझणीत वास आला तर ते नक्षीच्या, ठोकून घडवलेल्या जुन्या वस्तूंना लावू नका. कल्हईवाल्याच्या नवसागराचा धूर त्याच जातीचा असतो, पण तो क्षणभराचा, त्याने घाबरू नये. गोठा, संडास, कोंबड्यांचे खुराडे यांच्या आसपास मात्र पितळ महिनोन्‌महिने ठेवू नये.

हे सगळे मी त्या घरी चहा पिता पिता सांगितले. माझा अंदाजच हो, प्रयोगशाळेतली परीक्षा नव्हे. पण सासरे उठले, पुंगळी उजेडात धरून चिरेवरून नख फिरवले आणि म्हणाले, "गोठ्यात मीच ठेवली होती." सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग सुनेच्या हातातले चिंचेचे वाडगे काढून घेत तिच्याच भाषेत म्हणाल्या, "होगली बिडु." आणि उरलेली समई स्वतः घासायला बसल्या.

चीर बुजवावी का, असे सासऱ्यांनी मला विचारले. डाग देताना आच लागते, चीर आणखी पळू शकते. मी म्हटले, आहे तशी राहू द्या, तोंड भिंतीकडे करा, आणि मोरपिसे थोडी जास्त घाला.