गोदीतला वर्मा

परवा घरी टीव्हीवर 'दीवार' लागला. १९७५ चा. अमिताभ गोदीत ओझी वाहतो, गोदामाला आतून कुलूप ठोकून हप्तेवाल्यांना तुडवतो. शिट्टी आपण पण मारली. पण आडनाव वर्मा! गोदीतला हमाल कुठल्या वस्तीतून येतो, सलीम-जावेदला ठाऊक नव्हतं? बिल्ला ७८६ दिला, देवळाची पायरी दिली, जात तेवढी गाळली.

तोच अमिताभ २०२२ च्या 'झुंड'मध्ये विजय बोराडे. नागराजनं त्याला भीमजयंतीत बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं हात जोडून उभा केला. 'दीवार'पासून मोजा, ४७ वर्षं! थेटरात अंगावर काटा आला.

तरी सलतंच. झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल द्यायला मास्तरच लागतो. डॉन बोलतो तेवढा वेळ पिच्चर आपला, बाकी बच्चनचा. 'फँड्री'तला जब्या कुणासाठी थांबला नव्हता. त्यानं २०१३ मध्येच धोंडा भिरकावला, थेट बघणाऱ्यांच्या अंगावर. परत लागला तर पुढच्या रांगेत बसा.