बायोसचे बंद दार
माझगावात लॅपटॉप बिघडला की माणसाची पावले सहजच लॅमिंग्टन रोडकडे, म्हणजे सरकारी दप्तराप्रमाणे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाकडे, वळतात. परंतु एफ-२ वा डिलीटची कळ वारंवार दाबूनही बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या फर्मवेअरची, सेटिंग्ज उघडत नाहीत, एवढ्याच तक्रारीसाठी ती पायपीट करण्याचे, माझ्या मते, बहुधा प्रयोजन नसते. जुने संगणक सुरू होताना स्मृतीची मोजदाद सावकाश करीत आणि तेवढ्या अवधीत कळ दाबण्यास मुबलक सवड मिळे. २०१२ साली विंडोज ८ बरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ आले, तेव्हापासून शटडाऊनच्या वेळी प्रणालीचा गाभा डिस्कवर जतन होऊन पुढच्या खेपेस तोच उचलला जातो, आणि फर्मवेअरही कळफलकाची दखल घेण्यास जेमतेम क्षणभर थांबते. (कित्येक लॅपटॉपांत एफ-२ कडे आवाज किंवा उजेड कमीजास्त करण्याचे काम सोपविलेले असते, तेथे एफएन कळीची जोड आवश्यक ठरते.) विंडोज सुरू होत असेल, तर सर्वांत खात्रीचा मार्ग तिच्यातूनच जातो: शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट निवडावे, आणि पुढे येणाऱ्या निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज या क्रमाने जावे, म्हणजे कळ दाबण्याची घाईच उरत नाही. मात्र डिस्क बिटलॉकरने संरक्षित असेल, तर बायोसमध्ये कोणताही फेरबदल करण्यापूर्वी तिची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, ही माझी वाचकांस आग्रहाची विनंती आहे.