पुरात न भिजणारी चित्रं

दोस्तांनो, ऑगस्ट २०१९ चा पूर आठवतोय? तेव्हा लहान असाल, तर आईबाबांना विचारा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं! कितीतरी घरांत वह्या-पुस्तकांचा लगदा झाला. मग तळमजल्यावरचा संगणक कसा वाचणार?

समजा, शाळेच्या हस्तलिखिताची वेबसाइट तुम्ही 'लाराव्हेल' वापरून केलीत. लाराव्हेल म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा. वेगळं सांगितलं नाही, तर मुलांची चित्रं तो वेबसाइटच्याच संगणकावर ठेवतो. संगणक बुडाला, की चित्रंही बुडाली!

म्हणून ती 'क्लाउड'वर ठेवायची. क्लाउड म्हणजे ढग, पण फायली काही आभाळात जात नाहीत हं! त्या जातात दूरच्या मोठ्या संगणक-केंद्रांत. ॲमेझॉनची 'एस-थ्री' ही अशीच सेवा. ती २००६ साली सुरू झाली आणि २०१६ पासून मुंबईतही आहे.

आधी एस-थ्रीचं पॅकेज बसवा. मग '.एन्व्ह' फाइलीत चार गोष्टी लिहा: ओळख-किल्ली, गुप्त किल्ली, विभाग आणि 'बकेट'चं, म्हणजे आपल्या खोक्याचं नाव. शेवटी 'फाइलसिस्टम डिस्क'पुढे 'एस-थ्री' लिहा. झालं!

पण सांभाळा! ही फाइल जिवलग मित्रालाही द्यायची नाही. किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या हाती खोकं. तो चित्रं पुसेल आणि बिल येईल तुम्हाला!

आणि हो, चित्रांची एक प्रत घरीही ठेवा. कुठे? अर्थात, माळ्यावर!