रिक्षा थांबल्या, शेगडी पेटत राहिली: गॅसच्या पाइपलाइनमधले इंटरलॉक नेमकं काय करतात?

16 नोव्हेंबर 2025, रविवार. ट्रॉम्बेला आरसीएफच्या आवारात गेलची मुख्य गॅसवाहिनी कुणाच्या तरी कामात जखमी झाली आणि वडाळ्याच्या सिटी गेट स्टेशनला येणारा गॅस घटला. सोमवारी सकाळी त्याचा परिणाम रस्त्यावर दिसला. अंधेरी, घाटकोपर, मुलुंडला सीएनजी पंपांवर लांबच लांब रांगा, स्टेशनबाहेर रिक्षा नाहीत. मंगळवारी, म्हणजे 18 तारखेला पुरवठा पूर्वपदावर यायला लागला.

पण एक गोष्ट लक्षात आली का? त्या दोन दिवसांत घरचा पाइप गॅस चालू होता. पंप कोरडे पडले, कारखान्यांना दुसरं इंधन वापरायला सांगितलं गेलं, पण सकाळचा चहा मात्र नेहमीसारखा झाला. घरांना प्राधान्य देण्याचा निर्णय महानगर गॅसने जाहीरच केला होता. यात माणुसकी आहेच, पण त्यामागे तांत्रिक कारणही आहे. ते समजून घ्यायचं तर आधी इंटरलॉक म्हणजे काय ते बघू.

कुकरपासून सुरुवात करू

आतून झाकण लागणारा प्रेशर कुकर आठवा. आत वाफ असेपर्यंत ते झाकण तुम्ही कितीही जोर लावा, उघडत नाही. वाफेचा दाबच झाकणाला धरून ठेवतो. हा झाला इंटरलॉक: एक अट पूर्ण होत नाही तोवर पुढची कृती होऊच द्यायची नाही. शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांचं काम वेगळं. ते जास्तीचा दाब बाहेर सोडतात. इंटरलॉक माणसाची घाई अडवतो.

गॅसच्या जाळ्यात हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरतात. सीएनजी पंपावरचा कॉम्प्रेसर पाइपलाइनमधला गॅस ओढून तो सुमारे 250 बारपर्यंत दाबतो, आणि गाडीच्या सिलिंडरमध्ये तो 200 बारला भरला जातो. कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, यावरून अंदाज करा. या कॉम्प्रेसरला एक महत्त्वाचा इंटरलॉक असतो: येणाऱ्या गॅसचा दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की मशीन आपोआप बंद. कारण कमी दाबाचा गॅस तितकाच वर दाबायचा म्हटलं तर मशीन जास्त तापतं. शिवाय ते लाइनमधला उरलासुरला गॅसही शोषून घेईल, आणि त्याच लाइनवर पुढे घरं असतात.

थोडक्यात, दाब घसरल्यावर पंप बंद पडणं हा यंत्रणेचा बिघाड नसतो. यंत्रणा नीट काम करतेय याचीच ती खूण असते.

घरचा गॅस जाऊ का देत नाहीत?

स्वयंपाकघरात पोचणाऱ्या गॅसचा दाब असतो साधारण 21 मिलिबार. एक वीतभर उंचीचं पाणी तळाला जेवढा दाब देतं, जवळपास तेवढाच. आता समजा, हा दाब शून्यावर आला. बोरिवलीतल्या एखाद्या इमारतीत 80 शेगड्या आहेत, त्यातल्या वीस पेटलेल्या होत्या. त्या विझतील. काही लोक बटण बंद करतील, काही विसरतील, काही घराला कुलूप लावून ऑफिसला जातील. चार तासांनी गॅस परत आला तर तो उघड्या बर्नरमधून थेट खोलीत पसरेल. हवेत नैसर्गिक वायूचं प्रमाण 5 ते 15 टक्के झालं की एक ठिणगी पुरते.

म्हणून पुरवठा पूर्ण गेला तर तो परत द्यायचा मार्ग एकच: घरोघरी जाऊन व्हॉल्व्ह बंद आहे का ते बघणं, लाइनमधली हवा काढणं आणि मगच गॅस सोडणं. अख्ख्या उपनगरात हे करायचं म्हणजे कित्येक दिवसांचं काम. त्यापेक्षा पंप बंद ठेवून घरांच्या लाइनमधला दाब टिकवणं कितीतरी सोपं.

दुरून बंद, हाताने सुरू

मुख्य स्टील लाइनवर दुरून चालवता येणारे व्हॉल्व्ह असतात. कंट्रोल रूममध्ये स्काडा प्रणालीवर दाब, प्रवाह दिसतो आणि बटण दाबून व्हॉल्व्ह मिटवता येतो. याची किंमत कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनोने मोजली. 9 सप्टेंबर 2010 रोजी तिथे गॅसवाहिनी फुटली. व्हॉल्व्ह हाताने बंद करावे लागले आणि त्यात 95 मिनिटं गेली. आठ माणसं दगावली.

दुसरा धडा 13 सप्टेंबर 2018 चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मेरिमॅक खोऱ्यातला. जुनी पाइपलाइन बदलताना ती जाळ्यापासून तोडली, पण दाब मोजणाऱ्या नळ्या त्याच जुन्या पाइपवर राहिल्या. तिथला दाब घसरताच रेग्युलेटरना वाटलं की गॅस कमी पडतोय, आणि ते पूर्ण उघडले. घराघरांत जास्त दाबाचा गॅस शिरून आगी आणि स्फोट झाले, एकाचा जीव गेला. कंट्रोल रूममध्ये धोक्याचा इशारा वाजला होता, पण तिथून व्हॉल्व्ह बंद करायची सोयच नव्हती. नुसतं दिसून काय उपयोग?

मग सगळंच रिमोटवर टाकायचं का? नाही. दाब भलताच वाढला किंवा घसरला की आपोआप मिटणारा ‘स्लॅम शट’ व्हॉल्व्ह बघा. तो क्षणात बंद होतो, पण परत उघडायला माणसाला जागेवर जाऊन हातानेच रिसेट करावं लागतं. हे मुद्दाम केलेलं आहे. चुकून बंद झालं तर गैरसोय होते, चुकून उघडलं तर जीव जातो. आणि तो का बंद झाला, हे बऱ्याचदा स्क्रीनवर कळत नाही, तिथे जाऊन बघावं लागतं.

आपली खरी कमजोर कडी

मार्च 2025 मध्ये अंधेरी पूर्वेला शेर-ए-पंजाब भागात मध्यरात्री रस्ता खोदताना गॅसवाहिनी फुटली. आग लागली आणि रस्त्यावरचे तिघे भाजले. गल्लीबोळातल्या पिवळ्या-काळ्या प्लास्टिक पाइपवरचे व्हॉल्व्ह सहसा हातानेच बंद करायचे असतात. म्हणजे माणूस किल्ली घेऊन पोचेपर्यंत गॅस वाहत राहणार.

दोन्ही घटनांत मूळ एकच: लाइन कुठे आहे हे नीट न बघता झालेलं काम. खोदण्याआधी लाइनच्या मालकाला कळवायची सोय सरकारने मार्च 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ अ‍ॅपमधून दिली आहे. हाही इंटरलॉकच, फक्त कागदावरचा: कळवल्याशिवाय जेसीबी चालू करायचा नाही. अडचण अशी की कुकरचं झाकण जबरदस्तीने उघडत नाही, जेसीबी मात्र परवानगी नसतानाही चालू होतो. महापालिकेने खोदकामाचा परवाना देतानाच गॅस कंपनीची लेखी हरकत-नाहरकत आणि जागेवर तिचा माणूस सक्तीचा केला, तरच ही कडी पक्की होईल.

आणि घरी? गॅस अचानक गेला तर शेगडीची बटणं आणि तिच्या मागचा व्हॉल्व्ह, दोन्ही बंद करा. शेजारी कुणी बाहेर गेलं असेल तर फोन करून विचारा. गॅस परत आल्यावर वास आला तर दिव्याचं बटण चालू-बंद करू नका, खिडक्या उघडा, बाहेर या आणि मगच मदतीला फोन लावा. पुढच्या वेळी पंपावर ‘गॅस नाही’ची पाटी दिसली, तर चिडायला हरकत नाही. फक्त ज्याने न विचारता खोदलं त्याच्यावर चिडा, बंद पडलेल्या मशीनवर नको.