दिलेला शब्द कोणत्या रकान्यात मांडणार?

18 जुलै 2014. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळात संध्याकाळचे पाच वाजले आणि जेकब निक्स नावाच्या अठरा वर्षांच्या पोराला दिलेला 15 लाख डॉलरचा शब्द ह्यूस्टन अॅस्ट्रोज या बेसबॉल संघाने गिळून टाकला. पोराकडून काही चुकले नव्हते. त्याचा हात धड होता, वैद्यकीय तपासणी पार पडली होती, रक्कम ठरली होती, दोन्ही बाजूंनी होकार झाला होता. तरीही तो रिकाम्या हाताने घरी गेला.

आज त्या वर्षाच्या ड्राफ्टचा निकाल लावायला बसणारे जाणकार या घटनेला दूरदृष्टी म्हणतात! का, तर ब्रेडी एकेन या पहिल्या क्रमांकाच्या मुलाशी करार न झाल्याने ह्यूस्टनला पुढच्या वर्षी भरपाई म्हणून दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली, त्या निवडीतून अॅलेक्स ब्रेगमन आला, आणि ब्रेगमन आल्यावर 2017 च्या वर्ल्ड सिरीजचा चषक आला. शेवट गोड तर सगळेच गोड. आम्ही या न्यायाचा धिक्कार करतो. वर्षे लोटली म्हणून विश्वासघाताचे पुण्य होत नाही आणि चषक मिळाला म्हणून मोडलेला शब्द जुळत नाही.

मराठी वाचकाला आयपीएलचा लिलाव ठाऊक आहे. तिथे एका संघाने हात वर केला की दुसरा बोली वाढवतो आणि खेळाडूची किंमत चढते. बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये दुसरा हातच वर येऊ शकत नाही. 1965 पासून ही पद्धत चालू आहे. संघ पाळीपाळीने नावे पुकारतात, ज्याने नाव पुकारले त्याच्याशीच त्या मुलाने बोलायचे. ही व्यवस्था मुळात उभी राहिली ती शाळकरी मुलांवर पैशांच्या चढाओढी लागू नयेत म्हणून. मुलाच्या हाती एकच हत्यार उरते: नाही म्हणून कॉलेजात जाणे. तेही तेव्हा बोथट होते, कारण कॉलेजच्या खेळाचे त्या वेळचे नियम सांगत की एजंटमार्फत संघाशी बोलणी केलीस तर तुझी पात्रता जाईल. म्हणून ही मुले आपल्या एजंटला ‘सल्लागार’ म्हणत आणि जीव मुठीत धरून बोलत. एकेन आणि निक्स या दोघांच्याही जागा यूसीएलएत ठरलेल्या होत्या. दोघांचाही सल्लागार एकच, केसी क्लोज. दोघांपैकी एकालाही ती जागा लाभली नाही.

2012 पासून त्यात आणखी एक फास आला. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक निवडीला मेजर लीग या बेसबॉलच्या सर्वोच्च लीगने किंमत ठरवून दिली. त्यांची बेरीज हा संघाचा गल्ला. एखाद्या मुलाने सही केली नाही की त्याच्या निवडीची किंमत गल्ल्यातून वजा. गल्ल्याबाहेर पाच टक्क्यांपलीकडे खर्च केला तर पुढच्या वर्षांतल्या पहिल्या फेरीच्या निवडीवर पाणी सोडायचे. ह्यूस्टनच्या जेफ लूनाऊ या व्यवस्थापकाने या नियमाचा पुरेपूर फायदा उचलला. 2011 मध्ये 106, 2012 मध्ये 107, 2013 मध्ये 111 सामने हरून या संघाने सलग तीन वर्षे पहिली निवड पदरात पाडली. 2012 मध्ये 72 लाखांच्या जागेवर कार्लोस कोरियाला 48 लाखांत घेतले आणि वाचलेल्या पैशांतून लान्स मॅककलर्सला वळवले. ती चाल साधली. तोपर्यंत आमची तक्रार नाही. नियमांच्या आत राहून काटकसर करणाऱ्याला कोणी दोष देत नाही.

पण 2014 मध्ये हीच काटकसर कोणाच्या जिवावर उभी होती ते पाहा. एकेनच्या जागेची किंमत 79 लाख 22 हजार डॉलर. बोलणी ठरली 65 लाखांवर. म्हणजे चौदा लाखांहून अधिक वाचले, आणि त्याच वाचलेल्या पैशांवर पाचव्या फेरीतल्या निक्सला 15 लाखांचा शब्द दिला गेला. एका पोराच्या बचतीवर दुसऱ्याचे घर! मग एकेनच्या कोपराच्या चित्रांत डॉक्टरांना अस्थिबंध नेहमीपेक्षा बारीक दिसला आणि संघाने रक्कम खाली ओढली. त्या वेळच्या बातम्यांनुसार ती 31 लाख 68 हजारांपर्यंत आली. हा आकडा नीट पाहावा. जागेच्या किमतीच्या बरोबर चाळीस टक्के देऊ केले की मुलाने नकार दिला तरी संघाला पुढच्या वर्षी भरपाईची निवड मिळते, असा नियम होता. चाळीस टक्के! पुढच्या वर्षीची निवड राखायला लागणारी ही सर्वांत लहान रक्कम, आणि तीच या मुलाच्या खांद्याची आणि कोपराची किंमत ठरली. मुदत संपता संपता तोच आकडा 50 लाखांवर गेला म्हणतात.

आम्ही विचारतो: हात निकामी असेल तर शेवटच्या घटकेला तो 50 लाखांचा कसा झाला? आणि 50 लाखांचा असेल तर त्याआधी 31 लाखांवर का घासाघीस केली? समोर कोण होते? अठरा वर्षेही पूर्ण न झालेला सॅन डिएगोचा शाळकरी मुलगा. त्याचा वाढदिवस ऑगस्टमध्ये होता.

एकेनने सही केली नाही. 79 लाख गल्ल्यातून गेले, त्याबरोबर निक्सचे 15 लाखही गेले. त्याचा शब्द पाळायचा म्हटले तर संघाला पहिल्या फेरीच्या निवडींची किंमत मोजावी लागली असती. ती किंमत मोजायची त्यांची तयारी नव्हती. सगळा वाद इथे येऊन थांबतो. शब्दाला किंमत पडते तेव्हाच तो पाळला की नाही याची परीक्षा होते. फुकट पाळता येणारा शब्द कोणीही पाळतो.

आता निकाल लावणारे सांगतात की डॉक्टर खरे ठरले. मार्च 2015 मध्ये एकेनचे कोपर गेले, कोपराच्या अस्थिबंधाची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. क्लीव्हलंडने त्याला सतराव्या क्रमांकावर 25 लाखांत घेतले, आणि तो मेजर लीगच्या मैदानावर कधीच पोहोचला नाही. मान्य. डॉक्टरांचे निदान खोटे नव्हते, हे आम्ही कबूल करतो. पण निदान एकेनच्या कोपराचे होते. निक्सच्या कोपराचे काय? त्याला कोणता आजार होता? एकाच्या अस्थिबंधाची शिक्षा दुसऱ्याला, आणि वर्षांनी येऊन म्हणायचे की संघ बरोबर होता!

आणि ब्रेगमनचे पुण्य ते कोणत्या तोंडाने सांगतात? 18 जुलै 2014 ला ब्रेगमन लुइझियाना स्टेट विद्यापीठात शिकत होता. पुढच्या जूनमध्ये आपल्या हाती तो लागेल हे लूनाऊला ठाऊक नव्हते, कोणालाच ठाऊक नव्हते. ज्या हातांनी ब्रेगमन निवडला त्याच हातांनी दोन वर्षे आधी, 2013 मध्ये, पहिल्या क्रमांकावर मार्क अॅपेल निवडला होता. पाठोपाठ शिकागो कब्जने क्रिस ब्रायंट उचलला. ब्रायंट 2016 मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अॅपेल ह्यूस्टनकडून मेजर लीगचा एकही सामना न खेळता निघून गेला, 2018 मध्ये खेळ सोडून बसला आणि पुन्हा परतून 2022 मध्ये, तिशीत, फिलाडेल्फियाकडून मेजर लीगचा पहिला सामना खेळला. त्याच ड्राफ्टमध्ये बत्तिसाव्या क्रमांकापर्यंत अॅरन जज कोणी घेतला नाही. असा हा बाजार. इथे दैवाने हात दिला की त्याला बुद्धी म्हणायचे आणि त्या बुद्धीखाली विश्वासघात झाकायचा, हे आम्हाला मंजूर नाही.

2017 च्या वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना ज्यांनी पाहिला ते तो विसरणार नाहीत. 12-12 अशी बरोबरी, दहावी इनिंग, ब्रेगमनचा फटका, आणि दुसऱ्या बेसवरून होम प्लेटकडे झेपावणारा डेरेक फिशर. फिशर 2014 च्याच ड्राफ्टमधला. म्हणजे त्या वर्षाने जे दिले आणि त्या वर्षाने जे मोडले, दोन्ही एका धावेत आले. निकाल लावणारे हेच चित्र भिंतीवर टांगतात. त्यांच्या लेखी हिशेब मिटला.

मिटला? जानेवारी 2020 मध्ये लीगचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी जाहीर केले की 2017 मध्ये हाच संघ मध्यमैदानातल्या कॅमेऱ्यावरून प्रतिस्पर्ध्याच्या खुणा चोरत होता आणि डगआउटजवळचा कचऱ्याचा डबा बडवून फलंदाजाला येणारा चेंडू कळवत होता. लूनाऊ एका वर्षासाठी निलंबित झाला आणि त्याच दिवशी नोकरीलाही मुकला. ज्या चषकाने 2014 चे पाप धुतले म्हणतात, तो चषक स्वतःच डागाळलेला निघाला. चिखलाने चिखल धुता येत नाही. 2014 च्या जुलैत नियमाच्या फटीतून माणूस ढकलणारी वृत्ती आणि 2017 मध्ये कॅमेऱ्यापुढे बसलेली वृत्ती आम्हाला एकाच कुळातली वाटते: चालून जाते ना, मग करा.

उरलेल्या निवडींचा हिशेबही तपासावा लागेल. सोळाव्या फेरीतला रॅमॉन लॉरिआनो हे त्या वर्गाचे रत्न म्हणून सांगतात. त्याला ह्यूस्टनने 2017 च्या नोव्हेंबरात ओकलंडला देऊन टाकले, आणि ऑगस्ट 2018 मध्ये अनाहाइमच्या मैदानात खोल सेंटरफिल्डमधून थेट पहिल्या बेसवर जो थ्रो त्याने मारला तो ओकलंडच्या गणवेशात. त्याच वर्गातला जे. डी. डेव्हिस न्यूयॉर्क मेट्समध्ये फलंदाज म्हणून फुलला. या दोघांचे श्रेय ज्याने नाव पुकारले त्याला, की ज्याने हातातून जाऊ दिले त्याला, की ज्याने घडवले त्याला? तक्ता मांडणारे अशा प्रश्नांवर थांबत नाहीत. बदली खेळाडूपेक्षा किती जादा विजय मिळवून दिले, एवढा एक आकडा ते मांडतात आणि वर्गाला गुण देतात. त्या आकड्यात निक्स शून्य आहे. शून्यच राहणार, त्याला तर त्यांनी खेळूच दिले नाही!

आणि जे अपयशी ठरले त्यांना नाव काय? फुसका बार. शाळेतून थेट पहिल्या क्रमांकावर निवडलेले डावखुरे पिचर या खेळाच्या इतिहासात फार थोडे, आणि ते तिघे आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. डेव्हिड क्लाइड, 1973. ब्रायन टेलर, 1991. ब्रेडी एकेन, 2014. क्लाइडला टेक्सास रेंजर्सने 27 जून 1973 ला थेट मेजर लीगच्या मैदानात उतरवले. शाळेतला शेवटचा सामना खेळून त्याला तीन आठवडेही झाले नव्हते. रिकाम्या स्टेडियमची तिकिटे खपवायची होती. स्टेडियम भरले, गल्ला भरला, पोराचा खांदा गेला. 18 विजय, 33 पराभव, आणि 24 व्या वर्षी मेजर लीगमधला शेवट. पेन्शनला लागणाऱ्या सेवेत थोडे दिवस कमी पडले म्हणून तीही हुकली. पन्नास वर्षांनंतरही फसलेल्या निवडींच्या यादीत त्याचे नाव छापतात. त्याला त्या मैदानात ढकलणाऱ्या मालकाचे नाव त्या यादीत नसते.

2014 मध्ये चाळीस फेऱ्यांत बाराशेच्या वर मुलांची नावे पुकारली गेली. त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला मायनर लीगच्या बसगाड्या आणि दारिद्र्यरेषेखालचा पगार आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत या पगाराविरुद्ध खेळाडूंनी दावा लावला. 2022 मध्ये लीगला 18 कोटी 50 लाख डॉलर देऊन तो मिटवावा लागला. हा खर्च कोणत्या संघाच्या ड्राफ्टच्या गुणपत्रिकेत कोणी वजा केला?

निक्सच्या प्रकरणात खेळाडू संघटनेचे तेव्हाचे प्रमुख टोनी क्लार्क यांनी उघड नाराजी नोंदवली. निक्सने तक्रार केली, ती तडजोडीने मिटली. 2015 मध्ये सॅन डिएगो पॅड्रेसने तिसऱ्या फेरीत त्याला 9 लाखांत घेतले आणि ऑगस्ट 2018 मध्ये तो मेजर लीगच्या मैदानात पिचर म्हणून उभा राहिला. म्हणून ह्यूस्टनच्या त्या वर्षाचा निकाल यापुढे लावायला जो कोणी बसेल त्याने पहिल्या ओळीत निक्सचे नाव लिहावे, त्यापुढे 15 लाख मांडावेत, ते वजा करावेत आणि मगच ब्रेगमनकडे वळावे, अशी आमची मागणी आहे.

लीगकडेही आमचे मागणे आहे. खुणा चोरल्याबद्दल 2020 मध्ये ह्यूस्टनच्या पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या दोन वर्षांच्या निवडी काढून घेतल्या. संघाला कळणारी भाषा हीच, हे लीगला पक्के ठाऊक होते. चार निवडी गेल्या. 2014 च्या जुलैत जेकब निक्ससाठी एकही गेली नाही.