भातावरील कीडरोग सल्ला व धान्य साठवणुकीबाबत निवेदन

सप्टेंबर 2025

प्रति,
मा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, पालघर
मार्फत : मा. तालुका कृषी अधिकारी, वसई
प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, पालघर

विषय : खरीप भातावरील कीडरोगांचा सल्ला वेळेत मिळणे व कापणीनंतर धान्य सुकवण्याची, साठवण्याची सोय होणे.

महोदय,

वसई-विरार म्हटले की इमारती आणि लोकल डोळ्यांपुढे येतात. तानसा नदीच्या काठाने खानिवडे, पारोळ, उसगाव, भाताणे या बाजूला मात्र अजून भातशेतीच आहे. आम्ही त्या पट्ट्यातील भातउत्पादक आहोत.

तपकिरी तुडतुडा बांधावरून दिसत नाही. चूड बाजूला सारून पाण्यालगतचा बुंधा पाहिला तरच सापडतो. न पाहिल्यास हिरवेगार खाचर काही दिवसांत गोलगोल जळाल्यासारखे होते. मग शेतकरी दुकान गाठतो आणि मिळेल ते औषध मारतो. पायरेथ्रॉइड गटातले औषध मारले की तुडतुडे खाणारे कोळी मरतात आणि तुडतुडे उलट वाढतात. कडा करपा हा रोग जिवाणूंमुळे होतो. त्यावर नुसते बुरशीनाशक मारणे म्हणजे पैसे पाण्यात. खाचरातले पाणी काढावे, युरियाचा पुढचा हप्ता थांबवावा, हे बिनखर्ची उपाय दुकानात कोण सांगणार?

विदर्भात सोयाबीनवर अळ्यांनी हाहाकार केल्यानंतर राज्याने 2009-10 पासून क्रॉपसॅप हा कीडरोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू केला. भातही त्यात आहे. तेव्हा नवी योजना आम्ही मागत नाही. याच सर्वेक्षणाचा सल्ला दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि गावच्या व्हॉट्सॲप गटावर यावा. कोणती कीड, किती, नुकसानीची पातळी ओलांडली की नाही, एवढे त्यात असावे. फवारणीची गरज नसेल तर 'फवारू नका' असेही स्पष्ट लिहावे. आमचा सर्वाधिक पैसा त्या दोन शब्दांनी वाचेल. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राचे तज्ज्ञ हंगामात निदान एकदा आमच्या पूर्वपट्ट्यात शिवारफेरीला आणावेत.

कापणीचा पेच वेगळाच आहे. थांबावे तर लष्करी अळी रात्रीत पिकलेल्या लोंब्या कुरतडते; घाई करावी तर दाणा ओला राहतो. त्यातच परतीचा पाऊस. 2025-26 च्या हंगामासाठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये आहे, पण खरेदीला ओलावा 17 टक्क्यांच्या आत लागतो आणि घरात टिकवायचे तर 14 टक्क्यांच्याही खाली आणावा लागतो. ओले पोत्यात भरले की भात तापते, पिवळे पडते. पुढे पतंगाची अळी दाणा आतून पोखरते आणि हाती फोलपट उरते. म्हणूनच शेतकरी खळ्यावरच व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात भात देऊन मोकळा होतो. त्याला भाव कळत नाही असे कोणी समजू नये.

कापणीच्या काळात प्रत्येक ग्रामपंचायतीत एक आर्द्रतामापक ठेवावा, म्हणजे विकायचे की ठेवायचे हे शेतकऱ्याला आकडा पाहून ठरवता येईल. छप्पर असलेला सुकवणीचा ओटा आणि सवलतीत ताडपत्री द्यावी. खरेदी केंद्र कधी उघडणार, ती तारीख कापणीआधी जाहीर व्हावी. खरेदीचा विषय आपल्या खात्याचा नसल्यास संबंधितांना कळवावे.

हळवे भात ऑक्टोबरात कापणीला येते. त्याआधी या मागण्यांवर तालुक्यात बैठक बोलवावी, ही नम्र विनंती.

आपले,
वसई तालुक्याच्या पूर्वपट्ट्यातील भातउत्पादक शेतकरी